आगगाडीत लागलेलं दही

फाल्गुन वद्य दशमी. सकाळी म्हशीचं दूध तापवलं, कोमट केलं आणि रोजच्या सवयीनं त्यात विरजण घालून मोकळी झाले. हात धुताना चूक लक्षात आली. दूध आणि विरजण मला वेगवेगळं अकोल्याला न्यायचं होतं. माझी लेक सरू तिथे दिलेली आहे. ती पहिलटकरीण, आणि डोहाळे घरच्या म्हशीच्या दह्याचे. लागलेलं दही वाटेत मोडतं, म्हणून तिथे पोचून लावायचं ठरवलं होतं. हलत्या गाडग्यात दही लागत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पण घरात दुसरं दूध नव्हतं. गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि निघाले.

खरं काम दह्याचं नव्हतं. सरूला बाळंतपणासाठी बडनेऱ्याला आणायचं होतं. आमच्याकडे आठवा महिना लागला की गरोदर बाईला वेस ओलांडू देत नाहीत, आणि येत्या अमावास्येला सरूला आठवा लागत होता. बैलगाडी मिळेना. कापसाला असा काही उठाव आलाय की अमरावतीच्या बाजारापासून आमच्या स्टेशनापर्यंत गाड्यांची रांग तुटत नाही. आमची गाडीही त्या रांगेत, आणि घरधनीही. सरूच्या सासूचा निरोप होता की सून पाठवीन ती बैलगाडीनं, कडब्याची गादी घालून; आगगाडीत पाय ठेवू देणार नाही. तिच्या मोठ्या सुनेचा गर्भ साध्या बैलगाडीच्या हादऱ्यांनी पडला होता, आणि आगगाडी त्याहून जास्त हादरते अशी तिची समजूत होती. त्यामुळे तिला नुसती हट्टी म्हणता येत नव्हतं. जाऊन समोरासमोर बोलावं, एवढंच माझ्या हाती होतं.

स्टेशनावर लोक पहाटेपासून घोंगड्या पसरून बसले होते. गाडी चुकू नये म्हणून काही तर आदल्या दिवशीच आले होते. इंजिन आलं तशी बैलांनी कान टवकारले आणि दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. एक शेतकरी झेंडीवाल्याला विनवत होता, "थांबव ना बापू जरासक. माही बायको विहिरीवर गेली, आत्ताच येते." दुसऱ्यानं डब्यात चढताना देवळात शिरावं तशा वहाणा बाहेर काढून ठेवल्या. गाडी हलली, वहाणा तिथेच राहिल्या. विहिरीवरची बायको मात्र धावत येऊन चढली.

बायकांच्या डब्यात बसायला जागा नव्हती. गाडगं पोटाशी धरून मी दाराजवळ उभी राहिले. खाली टोपल्या मांडून एक माळीण बसली होती. तिनं वर पाहिलं.

"काय हाय व बाई गाडग्यात?"

"दूध. इरजन घातलेलं."

"आन् घेऊन कावून फिरून राहिली?"

मी सांगितलं. ती हसली नाही. शेजारची फडक्यात बांधलेली मोट तिनं सोडली. आत सरकीसकट कापूस होता. वेचणीच्या बायकांना मजुरी कापसातच मिळते; त्या मूठ मूठ कापूस देऊन हिच्याकडून भाजी घेतात. तो साठलेला कापूस विकायला ती अकोल्याला निघाली होती. तिनं मधोमध खळगा केला आणि म्हणाली, "ठेव इथं."

"सांडलं म्हंजे कापूस नासन तुहा."

"मंग नोको सांडू देऊ. खाली बस."

मी खाली बसले. गाडगं गळ्यापर्यंत कापसात रुतलं. तिचं नाव कौतिका. आजकाल कापसाची मूठ कुणी सहज कुणासाठी उघडत नाही, आणि हिनं अख्खी मोट उघडली होती.

डब्याच्या खालच्या फळीवर बसून पाहिलं तेव्हा कळलं, की गाडी हादरे देत नाही. ती एका तालात डुलते. आमच्या काळ्या मातीच्या चाकोरीत बैलगाडी दर पावलाला कंबर मोडते, तसं काही नव्हतं. बाहेर पऱ्हाटीची, कापूस वेचून रिकामी झालेली शेतं सरकत होती, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला. मला नुसतं बसून बाहेर बघायची सवय नाही. हाताला काम नसलं की मला चोरी केल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी मी कितीतरी वेळ बाहेर बघत बसले, आणि बरं वाटलं. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. माझी भाकर आणि ठेचा, तिच्या टोपलीतला पातीचा कांदा, असं आम्ही जेवलो. गाडग्याला हात लावून बघायला तिनं मला बजावून मना केलं. "उघडून पाह्यलं का मोडलं."

अकोल्याला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. कौतिकेनं गाडगं स्वतः कापसातून उचललं आणि माझ्या हातात दिलं. फडक्याखाली काय आहे ते बघायची मला हिंमत होईना. सरूच्या सासरची गल्ली मोर्णा नदीच्या अंगाला, बाजाराच्या वाटेवरच, म्हणून ती दारापर्यंत बरोबर आली.

सरू दारात आली. चेहरा उतरलेला, पाय थोडे सुजलेले. मागून तिची सासू.

"या इनबाई," विहीणबाई म्हणाल्या. "गाडी कुठं सोडली?"

"गाडी नाई. आगगाडीनं आली."

"मंग पान्याचा घोट घ्या, चार दिवस राहा. पोर काई मी धाडत नाई. माह्या मोठीचं तुमाले माईत हाय."

"माईत हाय," मी म्हटलं. मी गाडगं खाली ठेवलं आणि फडकं सोडलं.

दही लागलं होतं. वर साय, कडेला पाण्याचा थेंब नाही. विहीणबाईंनी गाडगं आडवं केलं. दही हललं नाही.

"हे इथंच कोन्या घरून आनलं तुमी."

"माह्या कापसात लागलं ते," दारातून कौतिका म्हणाली. दिवसाआड आगगाडीनं येऊन या गल्लीत ती भाजी विकते, त्यामुळे तिला सगळे ओळखतात. "बडनेऱ्यापासून. सांडलं असतं तं माही सारी कमाई गेली असती. मी खोटं कायले बोलू?"

विहीणबाई खाली बसल्या. रोज दही लावणाऱ्या बाईला दह्यापेक्षा मोठा पुरावा कोणता देणार? हादरा बसला की ते मोडतं, हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक. त्यांनी बोटानं चाटून बघितलं, मग वाटी मागवून सरूला वाढलं. सरूनं ती पुसून खाल्ली. रिकामी वाटी उचलत विहीणबाई म्हणाल्या, "आगगाडीत खाली बसवजा पोरीले. बाकावर नोको."

दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनावर आल्या. गाडी सुटेपर्यंत डब्याच्या फळीला त्यांनी पंजा टेकवून ठेवला होता, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. सरू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली ती बडनेरा येईपर्यंत.

आगगाडीला कुणी देव म्हणतं, कुणी भूत. मला ती चांगल्या रस्त्यासारखी वाटली. रस्त्याचे आभार कुणी मानत नाही. पण त्यावरून जाताना ज्यानं सरकून जागा दिली, त्याची आठवण ठेवावी. तिकिटानं मला डब्यात घेतलं; बसायला जागा कौतिकेनं दिली.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दह्यातलं, येताना बरोबर आणलेलं विरजण कोमट दुधात घातलं, या वेळी जाणूनबुजून. टोपलीत घरचा कापूस भरला, त्यात गाडगं बसवलं आणि स्टेशनावर गेले. कौतिका टोपल्या चढवत होती. "इनबाईले दे," मी म्हटलं. "आन् कापूस तुले." तिनं जागा केली आणि गाडगं आपल्या मांडीशी घेतलं.