वृंदाताईंचे पाच किलोमीटर

समुद्रातल्या पोहण्याच्या शर्यतीची तयारी पुण्यात राहून करायची, म्हणजे किस्से व्हायचेच! कर्वेनगरच्या टँकवर आम्ही पाचजण आणि आमचे सर. त्यातल्या वृंदाताई सदाशिव पेठेतल्या, वय एकसष्ट, गणिताच्या निवृत्त बाई. कोकणातली पाच किलोमीटरची शर्यत गेल्या वर्षी त्यांच्या हातून निसटली होती. यंदा ती पुरी करायचीच, नाहीतर पोहणंच बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

*

सरांची जीभ तिखट. डिसेंबरात सकाळी सहाला मी काठावरूनच विचारलं, "सर, पाणी फार गार आहे का हो?"

"छे! तुमच्यासाठी चारपासून बंब पेटवून ठेवलाय!"

मी गुपचूप उडी मारली.

*

रविवारचा सराव धरणाच्या बॅकवॉटरला. तिथे म्हशी धुणाऱ्या एका आजोबांनी वृंदाताईंना विचारलं, "पल्याड काय काम काढलं?"

"काम काही नाही. जायचं आणि परत यायचं."

"परत हितंच? मंग बसा की हितंच!"

ताईंना ते पटलं असावं. तरी गेल्या.

*

उघड्या पाण्यात टँकसारखी तळाला रेघ नसते, म्हणून समोरच्या काठावरची एखादी खूण धरून पोहायचं. आयटीतल्या रोहनने एक पांढरा ठिपका धरला. दर वेळी डोकं वर काढलं की ठिपका थोडा डावीकडे! हाही डावीकडे. शेवटी आम्ही एका काठाला आणि हा भलत्याच.

सर म्हणाले, "खुणेला शेपटी होती, ती नाही दिसली?"

बैल अजून चरतच होता.

*

आणि मग शर्यत. नियम असा, की वाळूवरची शेवटची रेषा ओलांडेपर्यंत कुणाचा हात लागला की पोहणारा बाद. गेल्या वर्षी गुडघाभर पाण्यात ताई अडखळल्या आणि त्यांचे यजमान श्रीकांतराव यांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. रेषा दहा पावलांवर होती! चार दिवस घरात अबोला.

यंदा ताई सगळ्यात शेवटी आल्या, वेळ संपायला दोन मिनिटं उरली असताना. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाटेने एकदा पाडलं, उठल्या, पुन्हा पाडलं. श्रीकांतराव पँट भिजवत शेजारून चालत होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. तिसऱ्यांदा पडल्यावर ताई उठल्याच नाहीत, रांगतच रेषेपलीकडे गेल्या. मला रडू आलं, सरळ सांगून टाकते.

श्रीकांतराव मात्र हात मागे धरून तसेच उभे. त्यांनी पंचांकडे बघितलं आणि विचारलं,

"आता धरू का?"