पडक्या मठाचा उंबरा

लोक इंग्लंडला जाऊन आले की फोटो दाखवून दाखवून जीव नकोसा करतात. जयदेव घरत उलव्याजवळच्या आपल्या वसाहतीत परतला आणि त्यानं त्या देशाचं नाव काढलं नाही. तसा तो बोलत नसेच. विमानतळासाठी खाडीकाठचं गाव उठलं तेव्हापासून त्याला ना सुख लागे, ना दुःख. जासईच्या कंटेनर यार्डातली नोकरी केली, रिटायर झाला. ताट समोर आलं की जेवायचं, बस्स.

गाव उठताना बायकोनं, बायजानं, एकच मागितलं होतं. घराचा उंबरा तेवढा काढून आणा. काळ्या दगडाचा, सासूच्या सासूनं पुजलेला. जयदेव हो म्हणाला. पण मुदत संपत आलेली, जेसीबीवाला घाईला आलेला, आणि हा शहाणा सामानाच्या टेम्पोमागे धावत सुटला. आठवण झाली तोवर उंबरा विमानतळाच्या भरावात गेला होता. आता बायकोला सांगायचं कुठल्या तोंडानं? दिलं ठोकून, नव्या देवळाच्या पायरीखाली बसवला म्हणून. मग दर अमावास्येला बायजा त्या पायरीवर फूल ठेवी आणि हा समोरच्या कट्ट्यावरून बघे. आठ वर्षं!

मुलगा प्रणय यॉर्कशायरात नोकरीला. त्यानं दोघांना बोलावलं आणि दर रविवारी जुनी ठिकाणं दाखवायचा सपाटा लावला. पडके मठ, उभे दगड, पुन्हा पडके मठ. पाचशे वर्षांपूर्वी राजानं मठ मोडले, छपरं उतरवली, असं तो कौतुकानं सांगे. जयदेव मान हलवी. गवत छान कापलंय, एवढंच त्याच्या मनात येई.

तिसऱ्या मठाशी प्रणय गाडी लावायला थांबला नि दोघं पुढे गेले. छप्पर नाही, दार नाही. दाराखालचा दगड मात्र जागच्या जागी, पायांनी मधोमध झिजलेला. भोवती दोरी बांधलेली. बायजानं बूट काढले, पिशवीतली डबी काढली, दोरीखालून हात घातला आणि दगडाला हळदकुंकू लावलं. देव कुणाचा, मठ कुणाचा, विचारतंय कोण! उंबरा तो उंबरा.

जयदेव दोरीकडे बघत राहिला. पाडणाऱ्यांनीही एवढं ठेवलं होतं. आपण तर घरचे होतो.

"आपला उंबरा देवलाखाली नाय," तो म्हणाला. "भरावात गेला."

बायजानं डबीचं झाकण लावलं. "मना ठाव हाय. त्याच दिसापासून."

"मंग फुलं?"

"तुमी बगायचे ना तवा. येरवी नजर वर उचलायचे नाय."

जयदेवला रडू यायला हवं होतं. आलं नाही. प्रणय आला, तिघं गाडीत बसले.

परत आल्यावर, परवा अमावास्या झाली. बायजा निघाली तर फूल जयदेवच्या हातात. पायरीखाली काही नाही, हे दोघांनाही ठाऊक. तो वाकला, फूल ठेवलं. उठताना कंबरेत कळ आली आणि कितीतरी वर्षांनी ती त्याला नीट जाणवली.