एकदाच विचारलेला प्रश्न

खांदमानं भरलेला फॉर्म बघत राहावा असा असे. खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही, पदरचं एक अक्षर नाही. तीस वर्षं या माळावर गुरांना लशी टोचून ती निवृत्त झाली, आणि प्रकल्पवाल्यांनी तिला माहिती गोळा करायला नेमलं. एकसष्ट घरं, म्हणजे एकसष्ट गेर, लोकरी नमद्याचे गोल तंबू, आणि एक खिळखिळी मोटारसायकल. प्रकल्पाचं काम तसं सोपं होतं. झूड आला, बर्फाखाली गवत गोठलं आणि जनावरं मरायला लागली, की खांदमासारख्यांनी आणलेली माहिती बघून चारा कुणाकडे धाडायचा ते ठरवायचं.

प्रशिक्षणात तीन गोष्टी बजावल्या होत्या. प्रश्न छापलाय तसाच विचारा. एकदाच विचारा. उत्तर सुचवू नका. बाकीच्या बायका जांभया देत होत्या, हिनं तेवढं पाठ करून टाकलं.

सातवा प्रश्न होता, ‘यंदा जनावरं कशी आहेत?’

आता हा काय प्रश्न झाला? कुणाच्याही गेरमध्ये पाऊल टाकताना आपण हेच विचारतो, आणि घरधनी म्हणतो, ‘मजेत आहेत, गुबगुबीत आहेत.’ दाराबाहेर मेलेल्या मेंढ्यांचा ढीग असला तरी हेच म्हणतो. आल्या आल्या अशुभ तोंडातून काढायचं नसतं. चहा होतो, तपकिरीची कुपी या हातातून त्या हातात जाते, मग पाहुणा हळूच पुन्हा विचारतो, आणि तेव्हा कुठे खरं बोलणं सुरू होतं. फॉर्म तयार करणारेही इथलेच. पण टेबलाशी बसलं की माणूस आपल्या घरच्या रीती विसरतो की काय, देव जाणे.

खांदमानं दारातच विचारलं आणि ‘चांगली’वर खूण केली. एकसष्ट वेळा. नंतर प्रत्येक ठिकाणी ती चहाला बसली. कुणाच्या शेळ्या एकमेकींची लोकर खाताहेत, कुणाची गाय उठत नाही, सगळं तिनं ऐकलं, दोन ठिकाणी रडलीसुद्धा. लिहिलं मात्र नाही. ते सातव्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं ना!

महिन्याभरानं चाऱ्याचे ट्रक डोंगरापलीकडच्या वस्तीला गेले. प्रकल्पाच्या नकाशावर हिची वस्ती हिरवीगार होती.

ती तडक सत्तर किलोमीटर मोटारसायकल हाकत प्रकल्पाच्या कचेरीत गेली. तिथला तेमुलेन तिच्याच भाच्याच्या वयाचा, स्वभावानं बरा.

“ताई, एकसष्टपैकी एकसष्ट घरं ‘चांगली’ म्हणतात. मी काय करू?”

“मी सांगते ना, निम्मी जनावरं गेली. उरलेली महिनाभर टिकली तर नशीब.”

“तुमच्या सांगण्याला रकाना नाही हो.” त्यानं मान खाली घातली. “एक करता येईल. मशीन एक घर निवडेल. मी त्या घरच्या कर्त्याला फोन करून पुन्हा विचारेन. ‘वाईट’ म्हणाला, तर अख्ख्या वस्तीचा निकाल बदलतो. शेवटचा ट्रक गुरुवारी निघतोय.”

“आणि ‘चांगली’ म्हणाला तर?”

“तर मग माझ्या हातात काही नाही.”

मशीननं दागवाबाबांचं घर काढलं. खांदमाला बरं वाटलं. बाबा फटकळ, सुमच्या, म्हणजे तालुक्याच्या, साहेबाला तोंडावर बैल म्हणालेला माणूस. बुधवारी ती त्यांच्याकडे गेली तेव्हा ते मेलेल्या घोडीच्या मानेवर हात ठेवून बसले होते. चारशेतली नव्वद मेंढरं उरली होती, तीही काठीला टेकून उभं करायच्या अवस्थेत.

“बाबा, उद्या फोन येईल. विचारतील ते खरं सांगा.”

“मग काय खोटं सांगतो? तू मला काय समजतेस गं?”

गुरुवारी सकाळी दोघं ओवोच्या, म्हणजे देवाच्या दगडी राशीच्या, टेकडीवर चढले. फोनला रेंज तिथेच. वारा असा की राशीला बांधलेल्या निळ्या चिंध्या फडफडून फाटत होत्या. बाबांची दाढी बर्फानं पांढरी झाली होती. फोन वाजला. खांदमानं आवाज मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला. सुचवायचं नाही म्हणून ती दोन पावलं मागेही सरकली. अजूनही नियम पाळत होती ती, काय म्हणावं हिला.

“नमस्कार, बाबा. यंदा जनावरं कशी आहेत?”

म्हातारा ताठ झाला, डोईवरची टोपी नीट केली. परक्या माणसाचा आवाज होता, पहिलाच शब्द होता.

“मजेत आहेत, गुबगुबीत आहेत. तुमच्याकडे सगळं क्षेम?”

खांदमानं झडप घालून फोन हिसकावला. “तेमुलेन, थांब, पुन्हा विचार. एकदा फक्त पुन्हा विचार.”

“ताई, दुसऱ्यांदा विचारता येत नाही. रेकॉर्ड होतंय हे.” त्याचा आवाज रडवेला झाला होता. मग फोन बंद झाला.

ती तिथेच दगडांपाशी बसली. खाली माळावर काळे ठिपके पडले होते. त्यातले हलणारे किती, हे तिला इथूनही सांगता आलं असतं.

“झालं का?” बाबांनी विचारलं. “चहा नाही, पाणी नाही, लगेच ठेवलान फोन. आता कुठे मी सांगणार होतो. पुन्हा का नाही विचारलं त्यानं?”

खांदमानं फोन खिशात टाकला.

“आणि तू गं?” म्हातारा तिच्याकडे बघत म्हणाला. “माझ्या घरात बसून तू सगळं ऐकलंस. तू काय लिहिलंस?”