भेग नसलेला दरवाजा

अमरावतीत आमच्या गल्लीत एक फोटोग्राफर राहतात. लग्नाचे फोटो पोटासाठी; जीव मात्र जुन्या इमारतींवर. अचलपूरच्या एका दरवाजासमोर ते तासभर एक डोळा मिटून उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ओरडतात, "सरक ना बाप्पा, कावून फ्रेम खराब करून राहिला? माणूस आला का इमारत लहान दिसते!"

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर साफसफाई. विजेच्या तारा गेल्या, शेळ्या गेल्या, कमानीवरची हातभर भेगही गेली. इतकी झटपट डागडुजी सरकारला कधी जमली नसती. म्हणूनच की काय, डागडुजीचं काम ज्यांच्याकडे आहे त्या साहेबांनी तो फोटो मोठा करून केबिनमध्ये लावला.

परवा आम्ही चार जण त्याच केबिनमध्ये गेलो, फोटोग्राफरांनाही सोबत घेऊन. म्हटलं, "साहेब, कमानीचे दगड सुटून राहिले. खालून पोरं शाळेत जातात."

साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. "कुठे आहे भेग? ठणठणीत तर आहे!"

आम्ही सगळ्यांनी फोटोग्राफरांकडे पाहिलं. ते उठले, भिंतीजवळ गेले, एक डोळा मिटला.

"थोडा वाकडा लागला होता, सायेब," असं म्हणून त्यांनी फोटो सरळ केला आणि जागेवर येऊन बसले.