विमलताईंनी सांगितलं म्हणून ऐकलं

विमलताईंचा भाऊ प्रकाश दारात आला तेव्हा मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलो होतो. आत ये म्हटलं, तर त्यानं चप्पलही काढली नाही. "ताई गेली," एवढंच म्हणाला. पहाटे गेली, दुपारपर्यंत गावाकडं नेणार, तुम्हाला जमलं तर या. मग त्यानं पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायला आणि स्कूटर सुरू करून पुढच्या घरी सांगायला गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात कोपऱ्यात बातमी आली. सरकारी कचेरीतील लघुलेखिका विमल कांबळे यांचे अल्प आजाराने निधन, पश्चात भाऊ, भावजय, भाचे. बातमीत चूक काहीच नव्हती. पण याच पेपरातून ही बाई कितीतरी वर्षं दर शनिवारी कोल्हापूरला सांगत होती की या आठवड्यात कुठली नवी कॅसेट ऐकावी, आणि ते बातमीत नव्हतं. लिहिणाऱ्या मुलांना ते माहीत असायचं काही कारणही नाही. आता काही आठवडे उलटून गेलेत, म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या पेपरची शनिवारची पुरवणी बघत होतो. कॅसेट कंपन्या तेव्हा परीक्षणासाठी नव्या कॅसेट पाठवायच्या. भावगीतं, गझला, जोतिबाची गाणी, सतार, इंग्रजी बँड, लग्नात वाजवायची पॉप गाणी... सगळं एकाच खोक्यात यायचं. ऐकायला कुणाला वेळ नव्हता. वेष्टनावर छापलेला मजकूर थोडा फिरवून आम्ही चार ओळी छापत असू. कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनाची बातमी द्यायला विमलताई ऑफिसात आल्या तेव्हा ते खोकं माझ्या टेबलावर होतं. हे कोण ऐकतं, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, पाहिजे तर घेऊन जा, असं मी म्हटलं. मला वाटलं, एखाददुसरी उचलतील. त्यांनी खोकंच उचललं. पुढच्या आठवड्यात ते तसंच्या तसं परत आणलं आणि माझ्यासमोर बसून एकेक कॅसेट बाजूला काढत ती कशी आहे ते सांगायला लागल्या. मी म्हटलं, हे लिहून द्या. त्या म्हणाल्या, लिहीन, पण एक अट आहे. मी ऐकलं नाही त्याच्यावर एक ओळ लिहिणार नाही.

त्यांचं सदर फार मोठं नसे. राग कुठला, ताल कुठला, हे त्या फारसं लिहीत नसत. एखादी कॅसेट कुणी ऐकावी आणि कधी ऐकावी, यावर त्यांचा भर असे. राधानगरीकडं एकट्यानं गाडी चालवत निघाला असाल तर ही बासरी सोबत घ्या, दोघं असाल तर नको, बोलणं बंद होईल. परीक्षेचा निकाल बिघडलेला पोरगा घरात असेल तर हे इंग्रजी गिटारवाले त्याला मोठ्यानं लावू द्या, एक दिवस सोसा. या गझलगायकाचा आवाज सुंदर आहे हे त्याला स्वतःला फार ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा, तिथं तो थोडा विसरलाय. असं त्यांचं लिहिणं. आवडलं नाही तर तेही स्वच्छ लिहीत. सीमेकडून आलेल्या कानडी भक्तिगीतांबद्दल त्यांनी लिहिलं होतं की मला शब्द कळत नाहीत, पण या बाईला ते कळतात हे ऐकू येतं. ही ओळ मला अजून पाठ आहे.

वाचक कोण होते हे मला हळूहळू कळत गेलं. उसाच्या हंगामात एकदा एक ट्रॅक्टरवाला ऑफिसात आला. बिद्रीच्या साखर कारखान्याकडं ऊस ओढणारा माणूस, अंगावर सगळी धूळ. या ट्रॅक्टरांवर मोठाले स्पीकर लावलेले असतात आणि ते लांबूनच ऐकू येतात, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. मला वाटलं, काही तक्रार असेल. तो म्हणाला, "पावणं, कॅसेटीचं लिवत्यात त्या बाई कुठं भेटतील?" त्यांनी लिहिलं म्हणून त्यानं ठुमरीची कॅसेट घेतली होती. पहिल्यांदा काही कळलं नाही म्हणाला. मग ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत दिवसभर उभा राहिला, दुसरी कॅसेट जवळ नव्हती, म्हणून तीच पुन्हा पुन्हा लावली. आता पुढची कुठली घ्यायची, ते विचारायला आला होता. मी ताईंच्या कचेरीचा पत्ता दिला. तो गेला की नाही, मी विचारलं नाही. पण पुढच्या शनिवारी सदरात ओळ होती, रांगेत थांबावं लागणाऱ्यांसाठी या आठवड्यात दोन कॅसेट आहेत.

हे सगळं सांगितलं तरी विमलताई म्हणजे काय हे आप्पांच्या कॅसेटबद्दल सांगितल्याशिवाय कळणार नाही. आप्पा म्हणजे त्यांचे वडील. बिद्रीच्या बाजूला त्यांचं गाव. आप्पा साखर कारखान्यात कामाला होते आणि त्यांची स्वतःची गायनपार्टी होती. बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी स्वतः रचायची आणि पंचक्रोशीत गायची. विमलताई लहानपणापासून त्या पार्टीत मागं बसून टाळ धरायच्या. कॅसेट निघावी ही आप्पांची फार वर्षांची इच्छा होती. ती निघाली तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या आसपास होतं. शहरातल्या एका लहानशा कंपनीनं ती काढली. ती द्यायला आप्पा स्वतः ऑफिसात आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा शर्ट, हातात एकच कॅसेट. ते कोण आहेत हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी ओळख दिली नाही. "साहेब, पेपरात नव्या कॅसेटीचं येतंय न्हवं? माझी आलिया. ठेवून जातो." मी बसा म्हटलं. बसले नाहीत. दारापर्यंत जाऊन वळले आणि म्हणाले, "लिवणाऱ्या बाईंस्नी सांगा, गडबड न्हाय."

मी हे ताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या जरा हसल्या. गडबड न्हाय म्हणाले म्हणजे गडबड हाय, असं म्हणाल्या आणि कॅसेट पर्समध्ये टाकली. त्यानंतर काही शनिवार गेले. सदर येत होतं, पण त्यात आप्पांचं नाव नव्हतं. अवघड जात असेल हे मी समजू शकत होतो. म्हणून एक दिवस मीच विषय काढला. म्हटलं, ही दुसऱ्या कुणाला लिहायला देतो, किंवा सोडून देऊ, सगळ्याच कॅसेटवर कुठं आपण लिहितो. त्या म्हणाल्या, "सोडली तर गावाला कळंल, लेकीनं टाळलं. दुसऱ्यानं लिहिलं तर तो गोड लिहील. आप्पांना ह्यातलं काहीच नको हाय. मी काय म्हणते ते त्यांना ऐकायचं हाय."

आणि त्यांनी लिहिलं. सदरातला तेवढा भाग मी प्रूफ तपासताना पुन्हा पुन्हा वाचला होता, त्यामुळं आशय नीट आठवतो. या गायकाचा आवाज उघड्यावर, माणसांच्या समोर गाण्याचा आहे. स्टुडिओत त्याच्या मागं यंत्राचा ठेका लावला आहे आणि तो ठेका आवाजाच्या छातीवर बसला आहे. शब्द खरे आहेत, चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत, पण ही कॅसेट ऐकून हा गायक तुम्हाला कळणार नाही. म्हणून कॅसेट घेऊ नका. येत्या बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी त्यांच्या गावी विहारासमोर ते गाणार आहेत, तिथं जाऊन ऐका. शेवटची ओळ होती, गायक माझे वडील आहेत हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. ती ओळ काढू का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तीच तर राहू दे.

त्या शनिवारनंतर कंपनीच्या मालकाचा मला फोन आला, तो बराच रागात होता. पण ते फार काही नव्हतं. गावात जास्त झालं. नोकरी लागली, शहरात राहायला लागली, म्हणून बापाला पेपरातनं खाली पाडलं, असं लोक बोलले. प्रकाशही ताईंशी भांडला. ताई दर रविवारी गावी जायच्या, आप्पा उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. ताई घरात काम करायच्या, संध्याकाळच्या एसटीनं परत यायच्या. त्याबद्दल त्यांनी माझ्याजवळ एकदाही कुरकुर केली नाही. पुढच्या आठवड्याचा मजकूर वेळेवर येत होता.

बुद्धपौर्णिमेला मी आणि माझी बायको गेलो. विहारासमोर पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. गावची माणसं होती आणि कडेला काही अनोळखी माणसं अवघडून उभी होती. शर्ट खोचलेला एक कॉलेजचा प्राध्यापक, एक नवराबायको, दोघं-तिघं तरुण. आप्पांनी माईकवरूनच विचारलं, कुठलं पावणं? त्यांच्यातला एकजण म्हणाला, कोल्हापूरचं, पेपरात वाचून आलोय. आप्पांनी त्यांना पुढं बसायला सांगितलं. मग ढोलकी आणि पेटी लागली आणि ते गायला लागले. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण समोरच्या माणसाकडं बघून ते शब्द सोडायचे आणि तो माणूस मान हलवीपर्यंत पुढं जायचे नाहीत, एवढं दिसत होतं. कॅसेटमध्ये ते कसं मावणार, हेही तेव्हाच समजलं. विमलताई मागं बसल्या होत्या. हातात टाळ होते.

जेवायला आम्ही त्यांच्या घरी थांबलो. ताई वाढत होत्या. आप्पा ताटाकडं बघत, कुणालाच न उद्देशून म्हणाले, "त्यो ठेका नको म्हणत हुतो मी. आयकलं न्हाय त्यांनी." ताई म्हणाल्या, "व्हय." आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. त्यापलीकडं त्या विषयावर बापलेकींचं कधी बोलणं झालं नाही, असं प्रकाशनं मला अलीकडंच सांगितलं. पुढच्या रविवारपासून आप्पा कट्ट्यावर गेले नाहीत. काही वर्षांनी ते वारले. त्या आठवड्यातही ताईंचा मजकूर आला. त्यात आप्पांबद्दल काही असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, मी नवीन येतं त्याच्यावर लिहिते.

पुढं सीडी आल्या. मग एकेका चकतीत शेकडो गाणी भरून रस्त्यावर मिळायला लागली. कॅसेटच्या दुकानांनी मोबाइलची रिचार्ज कार्डं ठेवायला सुरुवात केली. कंपन्यांची खोकी यायची थांबली. ताई स्वतः विकत घेऊन, कुणाकडून मागून काही दिवस लिहीत राहिल्या, पण एका शनिवारी त्या जागेवर जाहिरात लागली आणि ती तिथंच राहिली. हे सांगायला मी त्यांच्या कचेरीत गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. जागा कुणाच्या नावावर नसती, असं काहीतरी म्हणाल्या आणि मला एका नव्या तबलावादकाचं नाव सांगितलं. लिहिणं थांबलं, सांगणं थांबलं नाही. भेटतील त्या माणसाला त्या सांगत राहिल्या.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. आवाज खोल गेला होता. मला बघून त्यांनी कानातली तार काढली आणि माझ्या हातात दिली, ऐका म्हणून खूण केली. मराठीत रॉक गाणारी कुठली तरी नवी पोरं होती, पहिलाच अल्बम. मला गोंगाट वाटला. तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेसूर हायत की. पण खोटं न्हाय गात. ह्यांचा दुसरा येईल तेव्हा ऐका." मी ऐकीन म्हटलं. तो अजून आलेला नाही.

गावच्या विहारात ताईंसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यानंतर प्रकाशनं मला ताईंच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर बोलावलं. एवढ्या वर्षांच्या कॅसेटींचं काय करायचं हे त्याला विचारायचं होतं. आम्ही कपाटं उघडली. कपडे, भांडी, कचेरीची कागदपत्रं. कॅसेट जवळजवळ नव्हत्याच. शेजारच्या बाई आल्या, त्या म्हणाल्या, माझ्याकडं एक आहे, मुलगी परदेशी गेली तेव्हा दिली होती. खालच्या इस्त्रीवाल्याकडं दोन निघाल्या. ज्यानं ऐकायला पाहिजे असं वाटलं त्याला त्या देऊन टाकत आल्या होत्या.

ताई ऐकायला कुठं बसत असतील, हा प्रश्न मला पूर्वीही पडायचा. एखादी आरामखुर्ची असेल, डोळे मिटून ऐकत असतील, असं मी धरून चाललो होतो. बाहेरच्या खोलीत तसं काही नव्हतं. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात सापडला, गॅसच्या कट्ट्यावर, परातीच्या शेजारी. प्रकाशची बायको सकाळपासून घर पुसत होती, तिनं तोही पुसला होता. पण चालू करायच्या बटणाच्या खाचेत ज्वारीचं पीठ बसलं होतं, वर्षानुवर्षं बसून दगडासारखं झालेलं. भाकरी थापता थापता मधेच हात न धुता बाजू उलटायची, म्हणजे दुसरं काय होणार. प्रकाशची बायको नखानं ते काढायला लागली. निघेना. मग तिनं विचारलं, हा आम्ही नेला तर चालेल का. मी म्हटलं, न्या की.

तो आता गावाकडं तिच्या चुलीजवळच्या फळीवर आहे. मागच्या रविवारी गेलो होतो तेव्हा लागलेला होता. तिचे हात पिठात होते.