काकूंचं वीजबिल मुलाच्या नावावर

मंडळी, आज डोकं फिरलंय.

इंग्लंडमध्ये, आमच्या स्लाऊ गावातल्या शेजारच्या काकू एकट्या राहतात, घरातही कोट घालून बसतात. त्यांना पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता मिळतो, म्हणजे हिवाळ्यात वीजबिलात सरकारी सवलत मिळायला हवी. म्हणून मी वीज कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, "बिल मुलाच्या नावावर आहे, त्या पात्र नाहीत."

मुलगा राहतो जवळच्या ब्रॅकनेल गावात. आईला कटकट नको म्हणून त्यानंच प्रेमानं स्वतःचं नाव घातलेलं!

म्हटलं, "काकू, बिल तुमच्या नावावर करून घ्या."

"नको रे विलास. त्याला वाटेल, आईनं मला वेगळं काढलं."

"अहो, थंडीनं आजारी पडलात तर त्याला काय वाटेल?"

काकूंनी उत्तरादाखल चहा टाकला. हीटिंग बंदच.

लेकरांनो, बिल तुम्ही भरा, पण नाव आईचं राहू द्या. तुमच्या आईच्या बिलावर कोणाचं नाव आहे?