शेवटच्या रांगेतला चेहरा

आज जुन्या फिल्मचा डबा उघडला. आंबट वास आला आणि अकोल्याचा कापूसबाजार आठवला.

सिनेमासाठी रुंद फिल्मचा अवजड कॅमेरा मीच हट्टानं निवडला होता. त्यात गर्दीतला शेवटचा चेहराही लख्ख यायचा. कापूस विकायला आलेल्या सत्तारभाईंनी तो कॅमेरा आपल्या बैलबंडीतून आणला होता. त्या दिवशी कापसाची खरेदी अचानक बंद पडली, आरडाओरडा झाला, पोलिसांच्या लाठ्या चालल्या. कॅमेरा उचलून पळणं शक्यच नव्हतं. मी चित्रण करत राहिलो. सत्तारभाईंच्या भावाचं डोकं फुटलं, रक्त कापसावर उडालं. तसे सत्तारभाई दगड उचलून समोरच्या गर्दीच्या शेवटच्या रांगेतून माझ्यावर ओरडले, "मशीन बंद करा ना साहेब! काहून आमचे तोंडं घेऊन राहिले?"

मी बंद केलं नाही.

पुढे पोलिसांनी ती फिल्म मागवून पाहिली. शेवटच्या रांगेतले सत्तारभाई त्यांनी पहिल्याच नजरेत ओळखले.